आपल्याच घराच्या दारात

“...मग चुकतंय कुठं, ते तरी सांगा की आण्णा!”

सुकुमार मगदूम सकाळपासून हेच विचारत होता. सूतगिरणीतून निवृत्त झाला आणि मिळालेला सगळा पैसा त्यानं एका फ्लॅटमध्ये घातला. जन्मभर आपण दुसऱ्याला भाडं भरलं, आता म्हातारपणी कुणीतरी आपल्याला भरेल, एवढीच त्याची आशा. पण वर्षभरात दोन भाडेकरू निघून गेले होते, आणि आता तिसरंही बिऱ्हाड सामान बांधायला लागलं होतं.

तवनाप्पा आण्णा देवळामागच्या ओवरीत शेंगा फोडत बसले होते, मी शेजारी.

“जागा बघून घेतली. पाणी चोवीस तास. अकरा महिन्यांचा करार, तोही वकिलाकडनं. आणि काय करायचं माणसानं?”

आण्णांनी आणखी एक शेंग फोडली.

“भिंतीला खिळा मारू नका म्हटलं, मारत नाहीत. वासाचं काही शिजवू नका म्हटलं, शिजवत नाहीत. मी रोज जाऊन बघतो न्हवं!”

“रोज?”

“एक किल्ली माझ्यापाशी असते.” सुकुमार ऐटीत म्हणाला. “लॅच उघडायचं, आत एक चक्कर टाकायची. घर कसं मालकाच्या डोळ्याखाली पाहिजे.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी आण्णांच्या आठ खोल्यांच्या चाळीत, भाड्याच्या खोलीत वाढलेला माणूस. बाप यंत्रमागावर, आई सुताच्या कांड्या भरायची. भाड्याचा दिवस आला की आण्णा दाराबाहेर उभे राहून खाकरायचे. आई डोक्यावर पदर घेऊन “या आण्णा” म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

स्वतः कांदासुद्धा न खाणारा माणूस! पण रविवारी आमच्याकडं मटण शिजायला लागलं की सायकल काढून नांदणीला देवदर्शनाला जायचा, तो संध्याकाळीच परत. कुणाला कधी अवाक्षर बोलला नाही.

आता त्या जागी कापडाचं गोदाम आहे. त्या गल्लीतून जाताना अजून पाय थबकतात, खोटं कशाला सांगू?

“लेका, घर भाड्यानं दिलंस का तुरुंग काढलास?” मी सुकुमारला म्हणालो.

आण्णांनी हातानंच मला थांबवलं. मांडीवरची टरफलं झटकली.

“चल. दाखव तुझं घर.”

दुसऱ्या मजल्यावर दार बंद होतं. सुकुमारनं खिशातून किल्ली काढली.

आण्णांनी त्याचं मनगट धरलं. मग स्वतःच्या चपला काढून दाराबाहेर उभे राहिले.

“चला की आत. माझंच घर हाय.”

“हाक मार.”

“माझ्याच घराला?”

आण्णांनी दाराकडं बोट केलं.

सुकुमारनं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम जिन्याकडं बघायला लागलो. भोग आता, म्हटलं मनात!

“कोण... कोण आहे का घरात?”

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

“कोण?” बाईमाणसाचा आवाज.

सुकुमारनं तोंड उघडलं. ‘मालक’ हा शब्द अगदी ओठावर आला असणार, मी ओळखतो त्याला. आण्णा नुसते त्याच्याकडं बघत राहिले.

“मी... सुकुमार. आत येऊ का?”

आत पावलं वाजली.

मग दार उघडलं. विशी-बाविशीची पोरगी, कडेवर लेकरू. मागं भांड्यांचं अर्धं भरलेलं पोतं. तिनं आधी त्याच्या हातातली किल्ली बघितली, मग त्याचं तोंड.

“आज विचारून आलासा?”

सुकुमारची मान खाली गेली. खरं सांगतो, मला त्याची दयाच आली.

“चुकलं माझं, पोरी.” त्यानं किल्ली तिच्यापुढं धरली. “ही दुसरी किल्लीबी तुझ्यापाशीच ठेव.”

तिनं ती घेतली आणि कमरेला खोचली.

“बसा,” ती म्हणाली. “च्या टाकते.”

लेकराला खाली ठेवून तिनं पोत्यात हात घातला. पातेलं काढलं. चहाचा डबा काढला, साखरेचा काढला. मग एकेक भांडं काढून फळीवर लावायला लागली. तोवर चहा उकळून उतू गेला, तरी तिचं चालूच.

सुकुमार चटईच्या कडेला बसला होता. भिंतीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. लेकरू रांगत आलं आणि त्याच्या धोतराशी खेळत बसलं, त्याला त्यानं खेळू दिलं.

आम्ही निघालो तेव्हा ती पदर सावरत दारापर्यंत आली.

“येत जावा काका. घर तुमचंच हाय.”

जिन्यात सुकुमारनं उपरण्यानं डोळे पुसले.

“आण्णा, असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं हो...”

आण्णा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

“हं. आता झालं तुझं खरेदीखत.”