साळूचं दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिवरघळ गाव डोंगराच्या उतरणीला चिकटून होतं, आणि गावाच्या हद्दीबाहेर, ओढ्याकाठच्या खोपटात साळू चितारीण राहायची. नवरा गेलेला, पदरात ठकू नावाची लेक. देवीच्या देवळाच्या भिंतीवर गावाला आपलं चित्र हवं होतं, फाल्गुनातलं, पळस फुललेला आणि आंबा मोहरलेला. साळूसारखा हात पंचक्रोशीत नव्हता, म्हणून नाक मुरडत का होईना, तिलाच बोलावलं.

त्या भिंतीवर ज्याचं घर, तो गावकरी, असं ठरलं होतं. साळूने मजुरी मागितलीच नाही. चित्रात आपलंही घर असावं, म्हणजे आपल्या माघारी लेक गावची ठरेल, एवढंच मागितलं. रायाजी पाटील हो म्हणाले.

महिनाभर ती भिंतीशी उभी होती. तिने काढलेल्या मोहरावर खऱ्या मधमाश्या येऊन बसायच्या, असं म्हणतात. चितारी घरांची दारं सगळ्यात शेवटी काढतात, आणि दार नसलेलं घर तिकडे घर धरत नाहीत. होळीच्या दिवशी साळूने पाटलांपासून सुरुवात करून मानाप्रमाणे एकेक दार काढलं. स्वतःचं शेवटी ठेवलं. भोळी बाई, तिथेच फसली. गावातलं शेवटचं दार होताच पाटलांनी तिच्या हातातला कुंचला काढून घेतला.

“झालं चित्र, साळू. बेस झालं.”

“पाटील, माझं दार ऱ्हायलंय.”

“भिंतीला लई दारं झाली आता.”

सगळा गाव समोर उभा होता. जो तो भिंतीवरचं आपलं दार बघत होता. साळूला लेकीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ठकूचा हात धरला आणि डोंगर उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकही दार लागेना. कडी घातली तर निसटायची, अडसर लावला तर पडायचा. कुत्री चुलीपर्यंत येऊ लागली. पाडव्यापर्यंत गाव टेकीला आला आणि कुंचला घेऊन खोपटाकडे धावला. साळू दोन दिवसांपूर्वीच तापाने गेली होती.

मग ठकूला देवळात नेलं. तिने आईच्या घराला दार काढलं, आणि त्याच घटकेला गावातली सगळी दारं लागली, असं म्हणतात. ठकू देवळातून बाहेर आली, तेव्हाही सगळी दारं तिच्यासमोर लागलेलीच होती. घर साळूचं काढलंय आणि साळू तर मेली, तेव्हा लेक काही गावची ठरत नाही, असं पाटलांनी आपल्या बंद दाराआडूनच सांगितलं.

तिवरघळात आजही होळीचा पहिला नैवेद्य साळूआईच्या नावाने निघतो. ठकूच्या वंशातली एक बाई ओढ्याकाठून वर येते आणि ते दार नव्याने रंगवते. अख्खा गाव तिच्या पाया पडतो, तिची ओटी भरतो. आणि दिवस मावळायच्या आत तिला हद्दीपर्यंत पोचवून येतो.