दट्ट्यावरचा अंगठा

“एका माणसाच्या खोलीत दोघांना कोंबून आपण काय साधलेत, महाराज?”

अच्युतने पुस्तकांची पेटी ओसरीवर आदळली. दीक्षेला आठच दिवस उरले होते आणि तो मठ सोडून निघाला होता.

रसायनशास्त्राचे सुवर्णपदक मिळवलेला आपल्यासारखा मनुष्य कुठे आणि मठाच्या भाकऱ्या थापणारा भिकोबा कुठे! तीन आठवड्यांपूर्वी स्वामींनी दोघांना प्रशस्त दालनातून उठवून चिंचोळ्या खोलीत घातले. तेव्हापासून त्याच्या मस्तकाची शीर उठलेलीच होती.

“पूर्वी आम्ही बोलत नव्हतो, एवढेच. आता रोज भांडतो. ‘अहो सुवर्णपदक, पाय आवरा जरा,’ असे तो भिकोबा म्हणतो मला! काल तर माझा तांब्या अंगणात भिरकावला.”

स्वामी सुपातले तांदूळ निवडत होते.

“तुझे शास्त्र काय म्हणते?”

अच्युत याचीच वाट पाहत होता. त्याने पेटीतून काचेची पिचकारी काढली. तिचे तोंड बंद केलेले होते आणि आत फिकट तपकिरी वायू होता. मठात येणाऱ्या प्रत्येकाला तो ती दाखवीत असे.

“पाहा.”

त्याने अंगठ्याने दट्ट्या आत रेटला. रंग एकदम गडद झाला.

“दाब वाढला, रंग चढला. आमचेही तेच झाले.”

तो अंगठा काढू लागला.

“काढू नकोस.”

“पुढचे मला ठाऊक आहे, महाराज.”

“ठाऊक असू दे. धरून ठेव.”

…

गडदपणा ओसरू लागला. रंग पूर्वीइतका फिका झाला नाही. पण ओसरला खरा.

“हे कसे रे?”

“दोन तपकिरी रेणू जोडले जाऊन एक होतो. त्या एकाला रंग नसतो.” अच्युत परीक्षेत सांगावे तसे सांगत होता. “जागा आवळली, की समतोल कमी रेणूंच्या बाजूला…”

स्वामींनी सूप बाजूला सारले.

“तांब्याचे पुढे काय झाले?”

अच्युतने मान खाली घातली.

“पहाटे… माझ्या उशाशी होता. घासलेला.”

“रिकामा?”

“नाही… भरलेला.”

अंगठा अजून दट्ट्यावरच होता.

स्वामींनी सूप पुन्हा पुढ्यात ओढले.

“पेटी खोलीत ने. भिंतीशी नको, जागा उरेल… मधोमध ठेव.”