जावयाच्या मानाचा घोडा

नदीकाठच्या एका पेठेत विश्राम नावाचा गूळ-शेंगांचा व्यापारी राहत होता. माणूस सरळ, तोलमापाला चोख, आणि पोहण्यात तर असा पटाईत, की एकदा पुरात वाहून चाललेली म्हैस त्याने कासरा धरून काठाला आणली होती. पण या भल्या माणसाच्या मानगुटीवर एक खोटं बसलं होतं. गंमत अशी, की ते त्याने स्वतः सांगितलंही नव्हतं.

झालं होतं ते असं. विश्रामचं लग्न ठरत होतं. मुलगी होती डोंगरापलीकडच्या रायाजीरावांची केशर. रायाजीरावांच्या घरी पिढ्यानपिढ्या घोडी पाळत. दारात वीस-बावीस जनावरं. त्या घरातली पोरं आधी घोड्यावर बसत आणि मग चालायला शिकत. साहजिकच बैठकीत रायाजीरावांनी एकच प्रश्न विचारला, "मुलगा घोड्यावर बसतो ना?"

विश्रामच्या काकांना सोयरीक हातची घालवायची नव्हती. ते म्हणाले, "बसतो म्हणजे? उतरवावा लागतो." सगळे हसले. खरं काय ते सांगायला विश्रामने तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा कोंबला. पेढ्याबरोबर त्याने बोलणंही गिळून टाकलं.

रायाजीरावांच्या घराण्याची एक रीत होती. उन्हाळा सरत आला, मृगाला आठ-दहा दिवस उरले, की सगळा गोतावळा तीन दिवस तळ्यावर मुक्कामाला जायचा. भाऊ, भावजया, लेकी, जावई, नातवंडं मिळून चाळीसेक माणसं. बैलगाड्यांत राहुट्या, हंडे आणि आंब्यांच्या पाट्या. एकदा पेरणी सुरू झाली की कुणाला मान वर करायला सवड नसे, म्हणून हे तीन दिवस चैनीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यांवरून तळ्याची फेरी निघे. फेरीत सर्वांत पुढे घरचा सर्वांत नवा जावई, आणि त्याच्या पुढ्यात घरातलं सर्वांत लहान मूल. नव्यांनी पुढे चालायचं, जुन्यांनी मागून सांभाळायचं, असा त्यातला भाव होता.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बोलावणं आलं आणि विश्रामच्या पाठीत उसण भरली. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या गुळाला मुंग्या लागल्या. तिसऱ्या वर्षी केशर शांतपणे म्हणाली, "यंदा मुंग्यांना आधीच सांगून ठेवा."

मग विश्रामने तयारीला सुरुवात केली. रोज दुपारी गोदामाचं दार आतून लावायचं, शेंगांच्या पोत्यांची थप्पी रचायची, वरच्या पोत्याला दोर बांधायचा आणि टांग टाकून बसायचं. आठ दिवसांत त्याची बैठक छान जमली. पोतं हलत नव्हतं, एवढीच काय ती उणीव होती.

तळ्यावर पहिला दिवस मोठ्या मजेत गेला. पोरांनी झाडाखाली पडलेली जांभळं खाऊन जिभा निळ्या करून घेतल्या. बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या आणि आमरसाचं पातेलं गार राहावं म्हणून काठाच्या पाण्यात ठेवलं. विश्रामही हसत होता, पण त्याचं लक्ष सारखं बांधलेल्या घोड्यांकडे जात होतं. संध्याकाळी धाकट्या मेव्हण्याने त्याला उद्याचा घोडा दाखवला. काळाभोर, उंचापुरा, सारखा खूर आपटणारा. नाव तुफान. विश्रामने घोड्याकडे पाहिलं. घोड्याने विश्रामकडे पाहिलं. दोघांपैकी एकालाच सगळं समजलं होतं, आणि तो विश्राम नव्हता.

सकाळ झाली. घोडी न्हाऊन-माखून रांगेत उभी राहिली. कुणाच्या आयाळीत गोंडे, कुणाच्या गळ्यात घुंगरं. तुफानला दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. विश्रामने दगडावर पाय ठेवला आणि पोत्यावर टाकायचा तशी टांग टाकली. बसला. खाली उभी असलेली केशर कौतुकाने वर पाहत होती. विश्रामच्या मनात आलं, आता अर्ध्या घटकेचा प्रश्न आहे. वाट घोड्याच्या पायाखालची आहे. आपण गच्च धरून बसायचं. आपली लाज राहील आणि केशरचीही मान खाली जाणार नाही.

इतक्यात थोरल्या मेव्हण्याने आपली चार वर्षांची लेक, ठकी, उचलून त्याच्या पुढ्यात बसवली. ठकीने नवं परकर-पोलकं घातलं होतं. ती ऐसपैस मागे रेलली आणि घोड्याची आयाळ धरलेले दोन्ही हात तिने सोडून दिले.

"आयाळ धर गं," तिचा बाप म्हणाला.

"कशाला?" ठकी म्हणाली. "आतोबा आहेत ना."

आपण पडलो तर एक हाड मोडेल, दोन मोडतील, ते विश्रामने धरूनच ठेवलं होतं. पण या पोरीने तर आपला सगळा भार त्याच्यावर टाकला होता. तिच्या केसांचा तेलाचा वास त्याला येत होता. धरणारे बाजूला होऊ लागले. तुफानने कान टवकारले. आता एक क्षण, आणि मग काहीच आपल्या हातात राहणार नाही, हे विश्रामला कळून चुकलं.

"थांबा," तो म्हणाला. "घोडा सोडू नका. आधी पोरीला उतरवून घ्या. मला घोड्यावर बसता येत नाही. जन्मात आज पहिल्यांदा बसलोय."

ठकीला बापाने उतरवून घेतलं. विश्रामही उतरला, म्हणजे खरं सांगायचं तर नको त्या बाजूने घसरला आणि मातीत बसला. मेव्हण्यांनी हसू दाबायची शिकस्त केली. केशर पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता, पण क्षणभर त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "तरीच रोज दुपारी दार लावून पोती रचायचात." मग ती स्वतःच फिसकन हसली, आणि चाळीसच्या चाळीस माणसांना हसायची मोकळीक मिळाली. विश्रामला ते हसू झोंबलं खरं, पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली.

रायाजीराव मात्र हसले नाहीत. ते जवळ आले. विश्रामला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. म्हातारा म्हणाला, "जावईबापू, तीन वर्षं तुमच्या मानाचा म्हणून त्या घोड्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं न्हाई."

विश्रामने मान खाली घातली. "चुकलं, मामा. आधीच बोलायला हवं होतं."

"आधी बोलायला हवं होतं, हे खरं," रायाजीराव म्हणाले. "पण पोर पुढ्यात असताना बोललात. ते मी ध्यानात ठेवीन." आणि त्यांनी शेवंतीला आणायला सांगितलं.

शेवंती म्हणजे घरची म्हातारी घोडी. तिच्या पाठीवर या घरातली सगळी पोरं शिकली होती. विश्राम तिच्यावर बसला आणि खुद्द रायाजीरावांनी तिचा दोर हाती घेतला. त्या वर्षी जावई फेरीत सर्वांत पुढे नव्हता, सर्वांत मागे होता. पण चालत्या सासऱ्याला आणि म्हाताऱ्या घोडीला मागे टाकून कुणाला जाववेना. सगळी फेरीच हळू चालली. एरवी अर्ध्या घटकेत उरकणाऱ्या फेरीला उन्हं डोक्यावर आली. वाटेत पोरांनी घोड्यांवरूनच करवंदं तोडली. भावजयांनी गाणी म्हटली. ठकी बापाच्या पुढ्यातून मागे वळून आतोबाला टाचा कशा दाबायच्या ते शिकवत होती. तळ्याला किती वळणं आहेत, हे कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

दुपारी सगळे पाण्यात उतरले. इथे मात्र विश्राम राजा होता. त्याने एका दमात पलीकडचा काठ गाठला आणि उताणा पडून, हात न हलवता, आरामात परत आला. मग काय, पोरांनी त्याला घेरलंच. याला हात मारायला शिकव, त्याला पाय झाडायला शिकव, ठकीला पाठुंगळी घेऊन पाण्यात फिरव, असा दुपारभर धांगडधिंगा चालला.

काठावर एकटे रायाजीराव बसले होते. शेजारी सगळ्यांच्या कपड्यांचा ढीग. विश्राम दम खायला बाहेर आला आणि त्याने त्यांना पाण्यात यायचा आग्रह केला. रायाजीरावांनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं. मग पाणी गार असल्याचं सांगितलं. मग कुणीतरी कपड्यांकडे बघायला हवं, असं सांगितलं. विश्राम ऐकत होता. सबबींची ही सगळी घराणी त्याच्या ओळखीची होती: उसण त्यातलीच आणि मुंग्याही त्यातल्याच. तो शेजारी बसून राहिला.

म्हातारा पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "उताणं पडल्यावर माणूस बुडत कसं न्हाई?"

"खाली कुणाचा तरी हात असला, की नाही बुडत."

तळ्यातून नातवंडं आबांना हाका मारत होती. रायाजीराव उठले. त्यांनी पागोटं काढून कपड्यांच्या ढिगावर ठेवलं. वीस-बावीस घोड्यांचा धनी, ज्याच्या एका शब्दावर घर हलायचं, तो चाळीस माणसांसमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पोरांनो, मला पवता येत न्हाई. साठ वर्षं नुसती कापडं राखली."

या वेळी कुणीच हसलं नाही. फक्त त्यांची बायको कमरेइतक्या पाण्यातून म्हणाली, "आणि मी म्हणतेय, यांना आमची लुगडी एवढी कशी आवडतात."

विश्रामने सासऱ्यांचा हात धरला. दोघे पाण्यात शिरले. आधी गुडघ्याएवढ्या, मग छातीएवढ्या. रायाजीरावांची बोटं जावयाच्या मनगटात रुतली होती. विश्रामने एक तळवा त्यांच्या पाठीखाली धरला, दुसरा मानेखाली, आणि त्यांना अंग सैल सोडायला सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटले. मग एक उघडला. मग दुसराही. वर निरभ्र आभाळ होतं आणि त्यांचे पाय आपोआप वर आले होते. कान पाण्यात बुडाल्यामुळे काठावरचा जल्लोष त्यांना ऐकूच आला नाही. ते स्वतःच खदाखदा हसत होते.

तात्पर्य: 'मला येत नाही' हे ज्याला चारचौघांत सांगता येतं, त्याचं शिकणं त्याच घडीला सुरू होतं; आणि त्याचा धीर पाहून आणखी कुणीतरी आपलं लपवलेलं ओझं खाली ठेवतं.