माठांच्या ट्रकचे पाटे

कुंभारांच्या संस्थेनं दगडखाणीतला जुना ट्रक घेतला आणि बाजारात पोचेपर्यंत निम्मे माठ फुटू लागले. अध्यक्ष दामाजीराव म्हणाले, "तुमचे माठच कच्चे भाजलेले!" कुंभारांनी माना खाली घातल्या, पण फिटर गोदाक्का हटली नाही. माठ हलके आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र दगडांच्या ओझ्याचे, म्हणून ते दबतच नाहीत आणि गाडी आदळते, हे तिनं ओळखलं. दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे काढून तिनं उरलेल्यांना ग्रीस लावलं.

अध्यक्ष गरजले, "आधी बसव ते! लोखंड जास्त तितकी गाडी चांगली!"

गोदाक्का हात पुसत म्हणाली, "असं होय? मग आज घरी गादी गुंडाळा आन् ऐरणीवर निजून दाखवा."

कुंभार खो खो हसले. अध्यक्ष ट्रकपुढून बाजूला झाले. त्या दिवशी बाजारात सगळे माठ शाबूत उतरले.