जाड पातं आणि म्हातारी पाचर

“जाडोबा, एवढं अंग घेऊन माझ्या पोटात शिरलात कशाला?” रंधा नव्या पात्यावर खेकसला. हत्यारं माणसांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट.

“तुझंच पोट खपाटीला गेलंय, म्हाताऱ्या!” पातंही काही कमी नव्हतं.

पातं घट्ट धरणारी लाकडी पाचर नव्याच्या जाडीमुळे आता अर्ध्यातच अडकायची, म्हणून फळीवर रंधा मारला की पातं सरकायचं. शेवटी केरू सुतार वैतागला आणि रंधा चुलीत घालायला निघाला.

तेव्हा म्हातारी पाचर कडाडली, “थांब केरू! जुनं पातं जन्मभर आपल्या सगळ्यांसाठी झिजलं, मग या नव्याला जागा द्यायला तू मला थोडं तासलंस तर माझं काय बिघडतं?”