टेकायला भिंत

“किती दिवसांत उभं केलंस म्हणालास?”

“वर्षाच्या आत, अप्पा. पायापूजेपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत. सगळ्या मार्केट यार्डात विचारा, इतक्या झटपट कुणाचं झालेलं नाही.”

“झालं का मग?”

“झालं म्हणजे? पूर्ण झालं. काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही.”

अप्पा मठाच्या ओट्यावर सूप घेऊन बसले होते. हरभऱ्यातले खडे वेचून ते एकेक बाजूला टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मल्लिनाथ हा त्यांचा लहानपणापासूनचा शिष्य. त्याची धान्याची अडत होती, आणि वर्षानुवर्षं गादीवर बसून त्याला एक खोड लागली होती. कुठलीही गोष्ट निघाली की ती किती वेळात झाली आणि शेजाऱ्यापेक्षा किती आधी झाली, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आज तो आला होता घरभरणीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला. ते राहिलं बाजूला. फरशी झाली, नळ झाले, जिन्याचा कठडा झाला, आणि गाडी रंगावर आली.

“मोतिया रंग दिलाय, अप्पा. असा गुळगुळीत, की भिंतीवरून हात फिरवावा वाटतो.”

“फिरवतं का कुणी?”

“छे! हात लावू देतोय होय कुणाला?”

अप्पांनी एक खडा बोटात धरून उन्हात पाहिला आणि टाकून दिला.

“श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी जेवण ठेवलंय,” मल्लिनाथ म्हणाला. “तुमची पाद्यपूजा आईच्या हातून करायची. सगळं तिच्यासाठीच तर केलं.”

“नीलाबाई आली होती परवा.”

“आई? इथं? ती तर बोलली नाही काही. कशाला आली होती?”

“मठात कोपरा मागायला. राहायला.”

…

मल्लिनाथला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपण अगदी नीट ऐकलंय, आणि तो ओट्याच्या पायरीवर बसला.

“काय म्हणाली?”

“लेक गुणाचा आहे म्हणाली. सून गुणाची आहे. घर राजवाड्यासारखं आहे.”

“आणि?”

“आणि कोपरा द्या म्हणाली.”

“कारण काय सांगितलं?”

“मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“न्यायला येतो म्हणालो. आज.”

मल्लिनाथचे डोळे भरून आले. रागानं की दुःखानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. “अप्पा, लोक काय म्हणतील? जेवणाच्या तोंडावर आई घर सोडून मठात गेली! बरं, लोकांचं जाऊ द्या. तिची खोली मी सगळ्यात आधी बांधून घेतली. खाली न्हाणीघर, बसून अंघोळ करता येईल असं. आणखी काय करायचं माणसानं?”

अप्पांनी सूप भिंतीशी ठेवलं आणि उठले.

“चल. घर दाखव.”

वाट फार नव्हती. दोघं चालतच निघाले. अर्ध्या वाटेत अप्पांनी विचारलं,

“जुनं पाडायला किती वेळ लागला?”

“अर्धा दिवस. मशीन आणलं होतं.”

“आणि सिद्रामला ते बांधायला किती लागला होता?”

सिद्राम म्हणजे मल्लिनाथचा बाप. त्याची पिठाची गिरणी होती. जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावातले म्हातारे अजून त्याच्या दळणाची आठवण काढत.

मल्लिनाथ उत्तर द्यायला गेला आणि अडला. किती वेळ? खरं म्हणजे ते काम कधी थांबल्याचंच त्याला आठवत नव्हतं.

“तसं सांगता यायचं नाही, अप्पा. मला कळायला लागलं तेव्हा एकच खोली होती, आणि पुढं पत्र्याची पडवी. मग एका साली न्हाणी झाली. त्याआधी आई दाराआड दगडावर अंघोळ घालायची आम्हाला. मग ताईचं लग्न ठरलं म्हणून पुढची खोली काढली. तिला गिलावा लग्नानंतर झाला. वऱ्हाड विटांनाच टेकून जेवलं.” तो हसला. “मागच्या खोलीची खिडकी बाबांनी दोनदा बसवली. आधी पूर्वेला होती. आईला चुलीपाशी उजेड पडेना, म्हणून बुजवून उत्तरेला केली. सगळं घर असं वाकडंतिकडं. पाऊस आला की कुठली पातेली कुठं ठेवायची हे आम्हा भावंडांना पाठ.”

“हं.”

“बाबा गिरणीतून यायचे ते पांढरेफटक. भुवयांवर पीठ. हातपाय धुवायचे, डोक्याला तेल चोपडायचे आणि पुढच्या खोलीत बसायचे. रोज त्याच जागी. आम्ही सगळे त्यांच्या अंगावर…”

तो बोलायचा थांबला. घर आलं होतं.

घर खरोखर देखणं होतं, ते नाकबूल करण्यात अर्थ नाही. दारात तुळस, आत लखलखीत फरशी, आणि त्या मोतिया भिंती. त्यांच्यावर एक खिळा नव्हता की कॅलेंडर नव्हतं. सून महानंदा पदर सावरत पुढं आली, अप्पांच्या पाया पडली. मल्लिनाथनं जिन्याकडे हात केला, पण अप्पा जिन्याकडे गेले नाहीत. ते बैठकीच्या खोलीच्या दारातच उभे राहिले.

खोलीच्या मधोमध चटई होती. चटईवर नीलाबाई बसल्या होत्या, ताठ. एक हात मांडीवर, एक हात मागं फरशीला टेकलेला. शेजारी बोचकं बांधून तयार होतं. चारी भिंती त्यांच्यापासून दूर होत्या.

“आलात का, अप्पा? मी तयारच हाय.”

“निघू. घाई काय आहे?” अप्पा त्यांच्यासमोर फरशीवर बसले. “पाठ कशी आहे?”

“दुखतिया. वयच झालं की आता.”

“मग अशी मध्यावर का बसलीस? सर की मागं. टेक जरा.”

“नगं. हितं बरं हाय.”

“आई, खुर्ची आहे, कोच आहे,” मल्लिनाथ मध्येच म्हणाला. “अप्पा, रोज सांगतो हिला. बसतच नाही.”

“तितं पाय लोंबत्यात. मला जमिनीवर बसायची सवय,” नीलाबाई म्हणाल्या.

“म्हणूनच म्हणतो, भिंतीला टेक,” अप्पा म्हणाले.

नीलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. चुगली करणाऱ्याची ती नजर नव्हती. एखाद्याचं गुपित आपल्या तोंडून निघू नये म्हणून माणूस बघतं, तसं त्यांनी पाहिलं.

“नवा रंग हाय, अप्पा,” त्या हळूच म्हणाल्या. “डोस्क्याला तेल असतं माज्या. डाग पडतो.”

…

मल्लिनाथला ते शब्द ओळखीचे वाटले. क्षणभरानं कळलं, ते त्याचेच होते. राहायला आले त्या दिवशी, सामान लावता लावता तो म्हणाला होता, आई, भिंतीला डोकं नको टेकूस, डाग पडतो. रागावून नाही, सहज. म्हणाला आणि विसरूनही गेला. आणि ही म्हातारी तेव्हापासून खोलीच्या मधोमध बसून होती.

“आई… अगं, मी आपलं…”

“तुजं काय चुकलं त्यात? रंग म्हाग हाय,” त्या म्हणाल्या आणि बोचक्याची गाठ आवळू लागल्या. “मठात म्हंजी कसं, दगडी भिंत. कुनाला काई न्हाई.”

अप्पा महानंदाकडे वळले.

“पोरी, घरात खोबरेल आहे?”

“आहे की.”

“वाटीत आण.”

तिनं वाटी आणली. अप्पांनी डोक्यावरचा भगवा रुमाल सोडला. अप्पांचं डोकं तुळतुळीत. लावायला केस नाहीत, तरी त्यांनी तळहातभर तेल घेतलं आणि टाळूवर थापलं. मग मागं, मानेवर, कानांच्या मागं. तेल ओघळून कफनीत उतरलं. महानंदा तोंडाला पदर लावून बघत राहिली.

अप्पा उठले. समोरच्या भिंतीपाशी गेले. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर जिथं पडेल, नेमक्या तिथं मांडी घालून बसले. आणि डोकं भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

“अप्पा!” मल्लिनाथच्या तोंडून किंकाळीच निघाली.

“काय रे?”

“डाग… डाग पडला, अप्पा!”

“कुठं?” अप्पांनी डोकं इकडून तिकडं घासलं, जणू डाग शोधतायत. “इथं?”

मोतिया भिंतीवर थाळीएवढा पिवळट गोल उमटला. त्यातून तेलाचा एक ओघळ सावकाश खाली निघाला.

आणि नीलाबाई हसल्या. आधी ओठ मिटून, मग पदर तोंडात कोंबून, आणि मग दोन्ही हातांनी चटई धरून खदखदा. या घरात आल्यापासून त्या हसल्या नव्हत्या, हे मल्लिनाथला ते हसू ऐकल्यावर समजलं.

“अगं बाई, अप्पा! ह्यांच्यासारकंच केलंत की वो!” हसण्यानं त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. “मल्ल्या, तुज्या बाचा डाग आठवतो का?”

आठवत होता.

पुढच्या खोलीतल्या त्या भिंतीवर बाबांच्या डोक्याचा डाग होता. काळपट, चकचकीत, मधे जरा खोलगट. दर दिवाळीला आई त्यावर चुना द्यायची आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा वर यायचा. बाबा गिरणीत असले की लहानगा मल्लिनाथ उभा राहून त्या डागाला गाल लावायचा. तिथं तेलाचा, पिठाचा, बाबांचा वास यायचा. बाबा गेले त्या वर्षी आईनं त्या जागेवर चुना दिलाच नाही. बाकी सगळी भिंत पांढरी केली आणि तेवढी सोडली. पुढं कितीतरी वर्षं आई त्याच जागी बसायची, त्याच जागेला डोकं टेकून.

आणि त्यानं मशीन आणलं होतं. पुढची खोली सगळ्यात आधी पडली. आई रस्त्यापलीकडे उभी होती. आपण तेव्हा घड्याळ बघत होतो, हे मल्लिनाथला आठवलं आणि त्याला आपली लाज वाटली. 

“आठवतो,” तो म्हणाला.

अप्पा सरकले. भिंतीपाशी, डागाच्या खाली, एका माणसापुरती जागा झाली.

“ये, नीलाबाई.”

“नगं बाई… पावनं येनार सोमवारी.”

“आई, ये,” मल्लिनाथ म्हणाला.

त्यानं आईला हाताला धरून उठवलं. भिंतीपाशी नेऊन बसवलं. तरी एक हात पुन्हा फरशीला, मान ताठच, भिंतीपासून चार बोटं लांब. सवय अशी एकदम मोडत नाही. मग मल्लिनाथनं वाटी उचलली. तो आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, तिच्या विरळ पांढऱ्या केसांचा भांग बोटानं मोकळा केला आणि त्यात तेल सोडलं. आईच्या डोक्याला तेल लावायची ही त्याची पहिलीच वेळ. हात अगदी अनाडी. तेल तिच्या कपाळावर आलं, कानात गेलं.

“आरं, हळू. सगळी भित खराब हुईल, बाळा.”

“होऊ दे.”

तो चोळत राहिला. कधीतरी त्या हाताच्या भारानं म्हणा, की आपोआप म्हणा, नीलाबाईंची मान मागं गेली आणि भिंतीला टेकली. त्यांनी मोठा श्वास सोडला. फरशीला टेकून लालबुंद झालेला हात मांडीत आणून ठेवला.



महानंदा पुढं आली. तिनं चटईवरचं बोचकं उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. तिला कुणी हटकलं नाही.

“अप्पा,” नीलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “निघायचं न्हवं आपल्याला?”

पण त्या उठल्या नाहीत.

…

मल्लिनाथनं बाहीनं डोळे पुसले. बाहीलाही तेल लागलेलं, डोळे आणखीच चुरचुरले. त्यानं भिंतीकडे पाहिलं. अप्पांचा डाग, त्याच्या खाली आता आईचा. दोन्ही ओले, फिके, कालच्या पोरासारखे कोवळे. बाबांचा तो काळपट, खोलगट डाग कुठं आणि हे कुठं.

“अप्पा,” त्यानं विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात अडतीचा सूर नव्हता. “घर पुरं व्हायला… आणखी किती दिवस लागतील?”

अप्पांनी त्याच्या हातातली वाटी घेतली. तिरकी करून पाहिली.

“तेल संपलं,” ते म्हणाले. “आणखी घेऊन ये.”