साहेबांच्या मांडवाचं अंतर

फौजेच्या ड्रोनला सुरक्षिततेचा दाखला द्यायचं काम सुलभा ढगे या बाईंकडं होतं. बाई बोलायला मऊ, पण सही द्यायला महाचिकट. एकदा माळावर ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचे सरंजामेसाहेब दाखला मागायला उभे राहिले. पहिलं उड्डाण बघायला पाहुणे लांबच्या मांडवात येऊन बसले होते, फीत कापायची कात्रीसुद्धा तबकात तयार होती.

बाई म्हणाल्या, "हवेत इंजिन बंद पडलं तर हे कुठं कोसळेल, ती चाचणी राहिलीय. अर्ध्या किलोमीटरवर धनगरवाडी आहे."

"अहो मॅडम, आमचं ड्रोन पडतच नाही! उगाच खुसपट काढू नका. सही करा, नाहीतर वर फोन लावतो."

बाईंनी वाडीकडं पाहिलं. वाळत घातलेली लुगडी इथून दिसत होती. त्यांनी सावकाश विचारलं, "साहेब, पाहुण्यांचा मांडव एवढा लांब कुणी घातला?"

"मीच घालायला लावला. दोन किलोमीटर, मोजून! मोठी माणसं आहेत, धोका कशाला घ्या?"

"हे मात्र बरोबर केलंत," म्हणत बाईंनी दाखल्यावर सही ठोकली आणि खाली शेरा लिहिला : 'माणसांपासून दोन किलोमीटर लांब उडवल्यास सुरक्षित. अंतर खुद्द सरंजामेसाहेबांनी ठरवलेलं आहे.'

"आता लावा फोन. तेवढा शेरा वाचून दाखवा."

साहेबांनी फोन खिशात घातला आणि मांडववाल्याला निरोप धाडला, "सोड रे बाबा मांडव. आधी चाचणी होऊ दे."